अडीच टनी लष्करी ट्रक : ताडपत्रीखाली नेमकं काय आणि किती असायचं?

कोरा_नकाशा

दुसऱ्या महायुद्धावर बोलताना रणगाडे, विमानं आणि सेनापती यांच्यावर पानंच्या पानं भरतात. मागून धूळ खात येणाऱ्या ताडपत्रीवाल्या ट्रकांच्या वाट्याला एकच ओळ येते : रसद पोचली, किंवा रसद पोचली नाही. ती ओळ जरा उलगडावी म्हणून हा धागा.

दोन प्रश्न आहेत. पहिला अगदी साधा. अमेरिकी सैन्याचा तो प्रसिद्ध सहाचाकी 'अडीच टनी' घ्या. त्यात एका खेपेला पेट्रोल किती, तोफगोळे किती, जेवण किती माणसांचं? 'भरपूर' असं उत्तर नको, आकडे हवेत.

दुसरा प्रश्न : ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समध्ये 'रेड बॉल एक्स्प्रेस' (आघाडीपर्यंत रसद नेणारी ट्रकांची वाहतूक) सुरू झाली, जवळजवळ सहा हजार गाड्या रात्रंदिवस धावल्या, तरी सप्टेंबरात रणगाडे पेट्रोलवाचून उभे राहिले. असं का? माझं मत असं की ट्रकच कमी पडले. आणखी दोन हजार असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. जाणकारांनी दुरुस्त करावं.

अवजड

चांगला विषय. आधी गाडी कोणती ते पक्कं करू, कारण 'अडीच टनी' हा वर्ग आहे, एक मॉडेल नव्हे. त्यात सर्वांत जास्त संख्येनं बनला तो जीएमसीचा सी-सी-के-डब्ल्यू. नाव बोजड वाटतं, पण ते सरळ वाचता येतं. पहिला सी म्हणजे १९४१ सालचा आराखडा, दुसरा सी म्हणजे नेहमीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद, डब्ल्यू म्हणजे मागचे दोन्ही अ‍ॅक्सल चालते. पाण्यातही चालणारा 'डक' याच घराण्यातला. त्याच्या डी-यू-के-डब्ल्यू या नावातला डी म्हणजे १९४२.

सहा सिलिंडरचं ४.४ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर आणि पाचवा ओव्हरड्राइव्ह. गिअरबॉक्सला सिंक्रोमेश नाही, म्हणजे गिअर उतरवताना दोनदा क्लच दाबायचा आणि मध्ये रेस द्यायची. टाकी ४० अमेरिकी गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर. लिटरला तीन किलोमीटरच्या आसपास चालायचा, म्हणून एका टाकीत पल्ला साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटरचा. टायर दहा : पुढे दोन, मागे जोडचाकं आठ. म्हणजे 'सहाचाकी' म्हणताना जोडी एक चाक धरली आहे, हे लक्षात ठेवा. पुढे टायरांबद्दल बोलताना ते महत्त्वाचं ठरेल.

शून्य_दशांश

आकडे मागितलेत तर घ्या. अडीच टन म्हणजे ५,००० पौंड, साधारण २,२७० किलो. ही क्षमता कच्च्या रस्त्यासाठी ठरवलेली आहे.

पेट्रोल : जेरीकॅन २० लिटरचा, अमेरिकी मापानं ५ गॅलन. भरलेला कॅन १८ किलोच्या आसपास. पायथ्याला तो साडेतेरा इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद असतो. लांब हौद्याच्या (हौदा म्हणजे मागची माल भरायची जागा) गाडीत जागा सुमारे १२ फूट बाय साडेसहा फूट. म्हणजे आडवे पाच, उभ्या एकवीसेक ओळी : एका थरात शंभर-सव्वाशेच्या मधे कुठेतरी. धरा १०५. वजन झालं १,९०० किलोच्या वर. कॅनचा एकच थर लावला की हौदा रिकामा दिसतो, पण गाडी जवळजवळ भरलेली असते! दुसरा थर रचला की क्षमतेच्या दीडपट कधी ओलांडली ते कळतही नाही. या एका थरात पेट्रोल जेमतेम २,००० लिटर. शेरमन रणगाड्याची टाकी साडेसहाशे लिटरच्या आसपास. म्हणजे एक ट्रक = तीन रणगाडे, एकदा.

१०५ मिमी तोफगोळे : लाकडी पेटीत दोन, पेटी साधारण ५४ किलोची. ४१ पेट्या, ८२ गोळे. हौद्याचा तळही धड झाकत नाही. तोफखान्याच्या बटालियनमध्ये तोफा १२. प्रत्येकीच्या वाट्याला सात गोळे आले नाहीत तोच ट्रक रिकामा.

जेवण : के-रेशनच्या (सैनिकांचं डबाबंद तयार जेवण) पेटीत १२ माणसांचं दिवसभराचं (३६ जेवणं), पेटी २० किलोच्या आसपास. शंभर-सव्वाशे पेट्या, म्हणजे बाराशे ते चौदाशे माणसांचा एक दिवस. पायदळाची अख्खी बटालियन जेवून उरेल.

थोडक्यात, एकाच ट्रकचं मोल मालाप्रमाणे पार बदलतं. सैन्य पोटावर चालतं म्हणतात, पण पोटाला ट्रक कमी लागतात. ट्रक खातात त्या तोफा.

निनाद_क

वाचतोय. वाचनखूण साठवली.

मेघा_प

शून्य_दशांश, सात गोळ्यांचा हिशेब डोळे उघडणारा आहे. शंका एकच : प्रत्यक्षात अडीच टनच भरायचे का? पाच टन भरलेल्या गाड्यांचे उल्लेख वाचले आहेत.

अवजड

मेघाताई, बरोबर वाचलंत. पक्क्या सडकेवर दुप्पट भरायला वरूनच परवानगी दिली गेली होती. इंजिन आणि चॅसिस ते ओढायचे. प्रश्न यायचा स्प्रिंगचे पाटे आणि टायरांचा. जोडचाकात एक टायर बसला, की शेजारचा दोघांचं वजन घेतो. चालकाला आत बसून ते जाणवत नाही, गाडी सरळच चालते. दहा-वीस किलोमीटरमध्ये दुसराही तापून फुटतो. एका पंक्चरचे दोन टायर गेले. दर थांब्याला जोडीतल्या आतल्या टायरला हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, हे काम कंटाळवाणं पण सर्वांत मोलाचं. शिवाय जोडीच्या मधे दगड अडकतो आणि दोन्हींच्या भिंती कापतो. तो काढून टाकायचा.

रेड बॉलच्या रस्त्यावर टायर कापणारी आणखी एक गोष्ट होती : सैनिकांनीच खाऊन रस्त्यावर फेकलेले रेशनचे पत्र्याचे डबे. हजारो गाड्या, लाखो डबे. सप्टेंबर १९४४ मध्ये युरोपातल्या अमेरिकी सैन्याची टायर बदलण्याची गरज आधीच्या महिन्यांच्या जवळजवळ दुप्पट झाली. अतिभार आणि कचरा, दोन्हींचा हा परिणाम.

खडीचा_रस्ता

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, आणि मतभेद नोंदवतो. ट्रकची संख्या हे अर्धंच उत्तर आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. नॉर्मंडीच्या स्वारीच्या (जून १९४४) आधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीच फ्रान्सची रेल्वे मोडून ठेवली होती, जर्मनांना कुमक आणता येऊ नये म्हणून. शेर्बुर बंदर जूनअखेर हाती आलं, पण उद्ध्वस्त. माल बराचसा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच उतरत होता. योजनेनुसार सैन्य ९० दिवसांत सीन नदीपर्यंत जाणार, तिथं दम घेणार, मागे रेल्वे आणि गोदामं उभी राहणार. घडलं उलटंच. २५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या १९ दिवसांत सैन्यानं कागदावर २६० दिवसांचं ठरवलेलं अंतर कापलं. आघाडीवर २८ डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) आणि दर डिव्हिजनला दिवसाला ७०० ते ७५० टन. म्हणजे रोजचे सुमारे २०,००० टन.

रेड बॉल २५ ऑगस्टला सुरू झाली, १६ नोव्हेंबरला थांबली. पहिला मार्ग सें-लो ते शार्त्र परिसर. दोन समांतर रस्ते निवडले : एक फक्त जाण्याचा, दुसरा फक्त परतीचा. इतर कुणाही वाहनाला त्यांवर बंदी. पाट्यांवर लाल ठिपका. नियम असे : किमान पाच गाड्यांचा ताफा, दोन गाड्यांत ६० यार्ड अंतर, वेग ताशी २५ मैलांच्या आत (म्हणजे ४० किमी), ओव्हरटेक नाही. दर तासाला १० मिनिटं बाकी असताना सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. तेव्हा माल, दोऱ्या, टायर पाहायचे.

२९ ऑगस्टला १३२ वाहतूक कंपन्यांच्या (म्हणजे सैन्याच्या तुकड्यांच्या) ५,९५८ गाड्यांनी १२,३४२ टन माल पोचवला. तो उच्चांक होता. भागाकार करून पाहा : सर्वोत्तम दिवशीसुद्धा गाडीमागे दोन टनांच्या जरा वर. पूर्ण ८० हून अधिक दिवसांत सुमारे ४,१२,००० टन गेले, म्हणजे सरासरी दिवसाला पाच हजार. आणि ही गाड्यांची रांग स्वतःच रोज सुमारे तीन लाख गॅलन पेट्रोल पीत होती.

कोरा_नकाशा

म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय की! गाडीमागे दोन टन, तर २०,००० टनांना दहा हजार गाड्या.

खडीचा_रस्ता

नाही. गाड्या वाढवल्या की त्यांचं पेट्रोल, टायर, चालक आणि रस्त्यावरची गर्दीही वाढते. एका दिशेच्या एका रस्त्यावर ६० यार्ड अंतर ठेवून तासाला ठराविकच गाड्या जाऊ शकतात. दुखणं दोन टोकांना होतं : भरण्याच्या आणि उतरवण्याच्या जागी. सविस्तर नंतर लिहितो.

तोफखाना_गल्ली

मधेच दारूगोळ्याबद्दल लिहून घेतो, कारण 'अडीच टन गोळे' म्हणजे काय ते नुसत्या वजनानं कळत नाही.

१०५ मिमीचा गोळा पुंगळीसकट येतो. १५५ मिमीचं तसं नसतं. तिथं गोळा वेगळा (४३ किलोच्या आसपास, नुसता लोखंडी, टोकाला उचलायची कडी बसवलेली), प्रणोदक दारूच्या पिशव्या वेगळ्या नळकांड्यांत, फ्यूज (गोळा फोडणारा) वेगळ्या पेटीत, प्रायमर (दारू पेटवणारे) आणखी वेगळे. चारपैकी एक जरी चुकीच्या गोदामात गेलं, तर बाकीचे तीन म्हणजे नुसतं ओझं. गोळे पोचले आणि फ्यूज नाहीत, हा घोळ ट्रकचा नसतो, भरणाऱ्याचा असतो. म्हणून शहाणा भरणारा एकाच जातीच्या मालानं गाडी गच्च भरत नाही. चारही गोष्टी प्रमाणात एकाच गाडीत किंवा निदान एकाच ताफ्यात घालतो.

गोळे हौद्यात आडवे, लांबीच्या दिशेला काटकोनात, मधे लाकडी पट्ट्या. ब्रेक लागला की लोळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना ठोकळे. वजन मागच्या दोन अ‍ॅक्सलांच्या किंचित पुढे यायला हवं. सगळं फाळक्याशी (हौद्याच्या मागच्या दाराशी) रचलं तर चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. फ्यूज आणि डेटोनेटर गोळ्यांसोबत एकाच ढिगात नाहीत. पेट्रोल आणि दारूगोळा एका गाडीत नाही. हा नियम घाईत मोडला जायचा, पण तो का आहे हे सांगायला नको.

मेघा_प

अवांतर होईल, पण जेरीकॅनबद्दल लिहिलंच पाहिजे. पेट्रोलटंचाईच्या गोष्टीत पेट्रोलइतकीच टंचाई डब्याची होती.

मूळ डबा जर्मनांचा, १९३७ चा. त्यातली अक्कल पाहा. वर तीन मुठी. भरलेला डबा मधल्या मुठीनं एकानं उचलायचा, किंवा बाहेरच्या दोन मुठींनी दोघांनी. रिकामे असतील तर दोन डब्यांच्या बाहेरच्या मुठी एकत्र धरून एका हातात दोन, म्हणजे एका माणसाकडे चार. साखळी करून डबे पुढे द्यायचे तर देणाऱ्याचा हात एका मुठीवर, घेणाऱ्याचा दुसरीवर, बोटं अडकत नाहीत. अंगावरच्या फुलीसारख्या खाचा पत्र्याला ताठपणा देतात आणि पेट्रोल तापून फुगलं तर पत्र्याला ताणायला जागा देतात. मुठीखालच्या पोकळीत हवा राहते, त्यामुळे भरलेला डबा पाण्यावर तरंगतो. झाकण तरफेनं दाबून बंद. तोंडाशी हवेची बारीक नळी, म्हणून ओतताना गुळगुळ न होता धार सरळ पडते. नरसाळं लागत नाही.

अमेरिकेनं नक्कल करताना तरफेच्या झाकणाऐवजी आट्यांचं झाकण लावलं आणि नळी गाळली. मग ओतायला वेगळी चोच लागू लागली, आणि चोच म्हटली की ती हरवणार.

ब्रिटिशांकडे त्याआधी वाळवंटात होता तो चार गॅलनचा पातळ पत्र्याचा डबा, ज्याला सैनिक 'फ्लिम्झी' म्हणायचे. ट्रकच्या हादऱ्यांनी सांध्यातून गळायचा. निघताना भरलेला हौदा पोचेपर्यंत काही डबे अर्धे, काही कोरडे, आणि हौदाभर पेट्रोलची वाफ. त्या डब्याचा खरा उपयोग रिकामा झाल्यावर : अर्धा कापायचा, वाळू भरायची, वाळूवर पेट्रोल ओतून पेटवायचं आणि वर चहा ठेवायचा.

गवती_चहा

मेघाताई, चहापर्यंत आणलंत, धन्यवाद. :)

शून्य_दशांश

डब्याच्या मुद्द्याला जोड. जेरीकॅन परत आला तरच पुढची खेप भरते. पुढे गेलेल्या तुकड्यांनी रिकामे डबे जिथल्या तिथं टाकले : शेतात, खंदकात, छावणीच्या फरशीखाली. १९४४ च्या शरद ऋतूत ते गोळा करायला मोहिमा काढाव्या लागल्या, फ्रेंच शाळकरी मुलांनाही बक्षीस लावून कामाला लावलं. ट्रक आहे, पेट्रोल आहे, डबा नाही म्हणून गाडी उभी.

परत आलेल्यातही घोळ होता. पाण्याचे आणि पेट्रोलचे डबे दिसायला भावंडं. एकदा पेट्रोल गेलेला डबा पाण्याला कायमचा बाद, कितीही धुवा.

हिमवाट

'परत येताना काय' हा मुद्दा निघाला म्हणून लाडोगा सरोवराचं उदाहरण देतो. लेनिनग्राडच्या वेढ्यात गोठलेल्या सरोवरावरून ट्रक गेले तो 'जीवनमार्ग'. गाडी गाझ-एए, दीड टनी, म्हणून तिला 'पोलुतोर्का' म्हणत. २२ नोव्हेंबर १९४१ ला पहिला ताफा निघाला तो ६० गाड्यांचा, आणि त्यानं आणलं ३३ टन पीठ. भागा : गाडीमागे ५५० किलो. बर्फ अजून पातळ होता म्हणून दीड टनी गाडीत तिसरा हिस्साच भरला. उरलेलं वजन बर्फावर पसरावं म्हणून काही गाड्यांमागे घसरगाडी जोडून काही पोती तिच्यावर ठेवली. पंक्चरपेक्षा गाडी पाण्यात जाण्याची भीती मोठी, म्हणून कडाक्याच्या थंडीतही चालक दार उघडं ठेवून चालवत, उडी मारता यावी म्हणून.

आणि एक भौतिकशास्त्र. बर्फ जाड असूनही काही गाड्या बुडाल्या, जड नसतानाही. कारण चालत्या गाडीखाली बर्फ लवतो आणि खालच्या पाण्यात लाट उठते. गाडीचा वेग लाटेच्या वेगाशी जुळला की हेलकावा वाढत जातो आणि बर्फ फुटतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी बर्फ किती लवतो ते मोजणारं यंत्र बनवून हे शोधलं, आणि त्यावरून वेग आणि गाड्यांमधलं अंतर यांचे नियम ठरले. दोन गाड्या शेजारी शेजारी नेऊ नयेत हाही त्यातलाच.

आता मुद्द्याचं. येताना पीठ, दारूगोळा, इंधन. जाताना माणसं. पहिल्या हिवाळ्यात या वाटेनं साडेतीन लाख टनांहून जास्त माल आत आला आणि पाच लाखांहून जास्त माणसं बाहेर पडली. दोन्ही दिशांच्या फेऱ्या कामी आल्या. माल वाहणाऱ्या यंत्रणेची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

जुना_घाट

आपल्या बाजूचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा सगळा माल दिमापूरच्या रेल्वेस्थानकापर्यंत यायचा (स्थानकाचं नाव 'मणिपूर रोड'), आणि तिथून पुढे कोहिमामार्गे इंफाळपर्यंत २०० किलोमीटरहून जास्त डोंगरी रस्ता. या रस्त्यावर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरच्या वाहतूक कंपन्या राबल्या. गाड्या तीन टनी, त्यात कॅनडात बनलेल्या फोर्ड आणि शेव्हरोले पुष्कळ. आखूड नाकाच्या, कारण इंजिन अर्धं केबिनमध्ये घुसवलेलं, म्हणून हौदा मोठा मिळायचा. त्याची किंमत चालकाचा डावा पाय द्यायचा : उजव्या हाताच्या स्टिअरिंगला इंजिनाचा कडकडीत उंचवटा डावीकडे.

डोंगरात ट्रक वजनानं हरत नाही, उतारानं हरतो. चढताना रेडिएटर उकळतो, ते दिसतं आणि चालक थांबतो. उतरताना ब्रेक तापतो, ते दिसत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा नियम भरलेल्या गाडीला अक्षरशः लागू आहे. पावसाळ्यात डोंगराकडची बाजू सुरक्षित वाटते, पण दरड तिकडूनच येते, आणि दरीकडची कड खालून पोखरलेली असते.

एप्रिल १९४४ मध्ये जपान्यांनी कोहिमाला वेढा घालून रस्ता तोडला. इंफाळला विमानानं रसद द्यावी लागली. रस्ता पुन्हा जोडला गेला तो २२ जूनला, दिमापूरपासून मोजलेल्या १०९ व्या मैलाच्या दगडापाशी. त्या रस्त्यावरच्या जागा गावांच्या नावानं कमी आणि मैलाच्या दगडांनी जास्त ओळखल्या जात.

शेजारचा लेडो रस्ता मात्र वेगळ्याच हिशेबाचा. आसामातल्या लेडोपासून चीनच्या कुनमिंगपर्यंत १,०७९ मैल. पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ ला ११३ वाहनं घेऊन निघाला आणि ४ फेब्रुवारीला पोचला. तिकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या परत यायच्याच नाहीत, चीनला देऊन टाकायच्या. तिथं ट्रक हाच माल होता! परतीची फेरी नाही, म्हणून परतीचं पेट्रोलही नाही.

निनाद_क

हे माहीत नव्हतं. धागा सार्थकी लागला. रात्रीच्या प्रवासाबद्दल कुणी लिहील का? दिवे बंद ठेवून ६० यार्ड अंतर कसं राखायचे?

अवजड

निनाद, याचं उत्तर फार सुंदर आहे. मागच्या दिव्याच्या काचेत बारीक लाल खिडक्या असायच्या, 'मांजरडोळे'. त्यांची मांडणी अशी की अंतराप्रमाणे त्या एकमेकांत मिसळतात. मागच्या चालकाला चार ठिपके दिसले तर तो ६० फुटांच्या आत, फार जवळ आहे. दोन दिसले तर ठीक, ६० ते १८० फूट. एकच दिसला तर मागे पडला. मोजायचं काही नाही, आकडा डोळ्याला आपोआप दिसतो. ६० यार्ड म्हणजे बरोबर १८० फूट. म्हणजे दोनाचा एक होतो त्या सीमेवर गाडी ठेवायची.

आघाडीपासून लांब रेड बॉलवाल्यांनी मात्र पुढे पूर्ण दिवे लावूनच गाड्या हाकल्या, कारण जर्मन विमानांची भीती उरली नव्हती आणि अंधारातला अपघात जास्त महाग पडत होता.

तोफखाना_गल्ली

वेगमर्यादेचं काय झालं तेही लिहा. कार्ब्युरेटरवर गव्हर्नर असायचा, इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणारा. चालकांनी तो काढून टाकला. वेळ वाचला, माल लवकर पोचला. मला यात गैर दिसत नाही.

अवजड

मला दिसतं. रिकाम्या गाडीला ते चालून गेलं असतं. पाच टन लादलेल्या, ऑइल न बदललेल्या इंजिनाला नाही. २४ तास दोन चालक आळीपाळीनं गाडी हाकतात, तेव्हा देखभालीची वेळ कुठून येते? थांबा दहा मिनिटांचा, आणि त्यातही माणूस झोपतो. बॅटरीतलं पाणी आटतं, चाकाचे नट सैल होतात, ऑइलची पातळी कुणी पाहत नाही, मग बेअरिंग जातं आणि इंजिन जाम. यातली एकही बिघाडाची गोष्ट शत्रूनं केलेली नाही. सुट्या भागांचा घोळ वेगळा : याच सी-सी-के-डब्ल्यूचे अ‍ॅक्सल दोन जातींचे होते, दोन भागांत उघडणारे 'स्प्लिट' आणि गोल घराचे 'बँजो'. एकाचे भाग दुसऱ्याला लागत नाहीत. बाहेरून गाडी तीच. मागणी पाठवताना कोणता अ‍ॅक्सल ते लिहिलं नाही तर चुकीचा भाग आठवड्यानं येणार.

तरी अमेरिकेकडे मोजकेच नमुने होते. जर्मनांनी १९४१ मध्ये रशियात नेलेल्या ट्रकांत स्वतःच्या अनेक जाती, शिवाय जिंकलेल्या देशांतून गोळा केलेल्या. फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या शरदातल्या चिखलात रुतल्या, आणि सुट्या भागांची यादी कुणालाही सांभाळणं अशक्य झालं. माल पुढे नेला तो घोड्यांनी.

तोफखाना_गल्ली

अ‍ॅक्सलचा मुद्दा पटला. गव्हर्नरबाबत आपले मतभेद राहू देत.

खडीचा_रस्ता

आता राहिलेला हिशेब. समजा फेरी ७०० किमीची (३५० जाणं, ३५० येणं). ताशी ४० नं साडेसतरा तास. दर तासाला १० मिनिटांचा थांबा धरला तर २१ तास. भरणं, उतरवणं, वाट पाहणं यात सहा तास जर गेले, तर फेरी २७ तासांची. शंभर गाड्या अडीच टनांनी दिवसाला सुमारे २२० टन पोचवतील.

आता तेच सहा तास २७ झाले असं धरा. गोदामात कुठला माल कुठे आहे ते माहीत नाही, उतरवायला माणसं नाहीत, पुढचं गोदाम काल होतं तिथून ४० किलोमीटर सरकलेलं आहे आणि गाडी शोधत फिरतेय. फेरी ४८ तासांची. त्याच शंभर गाड्या आता १२५ टन पोचवतात.

म्हणजे दोन टोकांना वाया गेलेले २१ तास हे आघाडी आणखी ३५० किमी पुढे नेण्याइतकेच महाग! आणखी गाड्या पाठवल्या तर त्या याच रांगेत येऊन उभ्या राहतात. यात भर म्हणजे काही तुकड्या आलेली गाडी सोडतच नसत, चाकांवरचं गोदाम म्हणून चार दिवस ठेवून घेत. त्या दिवसांत त्या गाडीची वाहतूक शून्य.

म्हणून कोरा_नकाशा, माझं उत्तर : दोन हजार जास्त ट्रकांपेक्षा भरणाऱ्या-उतरवणाऱ्या माणसांच्या जास्त कंपन्या, क्रेन, आणि रिकामे डबे वेळेवर परत येणं, यानं जास्त फरक पडला असता. 'डक'चं मोठेपणही यातच आहे. तो जहाजाच्या कुशीतून माल घेऊन थेट किनाऱ्यावरच्या साठ्यापर्यंत जायचा, मधली एक चढ-उतार वाचायची. वाळूवर येताना चालक बसल्या जागेवरून टायरची हवा कमी करू शकायचा, सडकेवर परत वाढवायचा.

कोरा_नकाशा

२१ तास = ३५० किमी हे समीकरण मान्य. मत बदलतो. मी गाड्या मोजत होतो, फेऱ्या मोजायला हव्या होत्या.

एक शेवटचं. फ्रान्समधून परत येताना हौदा रिकामाच का?

शून्य_दशांश

रिकामा नव्हे. जेरीकॅन, तोफांच्या पितळी पुंगळ्या (पितळ महाग, पुन्हा भरता येतं), दुरुस्तीला जाणारी हत्यारं, युद्धकैदी, कधी मृतदेह. बाकांवर बसून १६ सैनिकांची सोय होती. कैदी नेताना बाकं मिटून उभेच भरायचे, तेव्हा संख्या कितीतरी जास्त. फक्त ते सगळं भरायलाही वेळ लागतो, म्हणून कागदावर परतीचं ओझं असूनही घाईच्या दिवसांत कित्येक गाड्या तशाच पिटाळल्या गेल्या. नंतर डब्यांची टंचाई झाली त्याचं एक मूळ इथं आहे.

जुना_घाट

चालकांबद्दल कुणीच लिहिलं नाही. रेड बॉलवरचे सुमारे तीन-चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय अमेरिकी होते. तेव्हाच्या अमेरिकी सैन्यात त्यांच्या तुकड्या वेगळ्या असत आणि लढाईच्या तुकड्यांत त्यांना क्वचितच घेत, म्हणून वाहतुकीच्या कंपन्या त्यांच्याच भरलेल्या. सैन्यातला हा भेद मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो १९४८ मध्ये. दिमापूरच्या रस्त्यावर आपले, सें-लोच्या रस्त्यावर ते. रोज दोन टन, गाडीमागे.

कोरा_नकाशा

हे पहिल्या लेखातच यायला हवं होतं, जुना_घाट. संपादकांना विनंती करून वर जोडून घेतो. शून्य_दशांश, १५५ मिमीसाठीही गोळा, पिशवी, फ्यूज आणि प्रायमर धरून गाडीमागचा आकडा काढाल का? तोही वर टाकतो.

तोफखाना_गल्ली

तो मी काढतो, पिशव्यांच्या नळकांड्यांचं वजन धरून. नुसते गोळे धरले तर ५२ बसतात, पण नुसते गोळे कुणी धरू नका.